माजघरातला आवाज

गेल्या आषाढात माझ्या हातून एक चूक झाली. सत्तावीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडून ती व्हायला नको होती. चूक औषधाची नव्हती, निदानाची होती. आणि रुग्ण परका नव्हता, माझे सासरे होते. त्यांच्या आणि माझ्या नणंदेच्या संमतीने ती हकीकत आज तुमच्यापुढे ठेवते आहे. तुमच्या घरात वृद्ध माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतःच त्या वयाला पोचला असाल, तर यातला काही भाग तुमच्या कामी येईल अशी आशा आहे.

माझे सासरे, नाना, ८४ वर्षांचे आहेत. वाईला आमच्या जुन्या घरात राहतात. आयुष्यभर त्यांनी हायस्कुलात गणित शिकवले. सासूबाई गेल्यानंतर आम्ही त्यांना साताऱ्याला येण्याविषयी पुष्कळ विनवले. पण रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाण्याचा नेम मोडायला ते तयार नाहीत. स्वयंपाकपाण्याला आणि सोबतीला एक मावशी दिवसभर असतात. मी आणि माझे यजमान आलटूनपालटून वाईला जातो, एरवी फोनवर चौकशी करतो. माझी नणंद मेलबर्नला असते. तिने दिलेल्या लॅपटॉपवर दर रविवारी दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे त्या दिवसांत तिकडे रात्री आठला, बापलेकींची भेट होते. नानांचा सारा आठवडा त्या अर्ध्या तासाकडे तोंड करून असतो. धुतलेला सदरा घालून ते सव्वातीनलाच खुर्चीवर बसलेले असतात.

जूनच्या अखेरीस एका सोमवारी नानांचा फोन आला. पावसाळा सुरू झालेला, तापखोकल्याच्या रुग्णांनी दवाखान्यातले बाक भरलेले. नाना म्हणाले, "अगं, त्या लॅपटॉपचा आवाज गेलाय बहुतेक. काल काही ऐकू आलं नाही." समोरच्या रुग्णाच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवत मी म्हणाले, "नाना, लॅपटॉपला काय होतंय? तुमचे कान एकदा तपासून घेऊ. वय झालं की होतं असं." ते "बरं" म्हणाले आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळले. कान तपासायचे राहूनच गेले.

त्या "बरं"चा अर्थ मला चार आठवड्यांनी कळला.

जुलैच्या शेवटी एका रात्री नणंदेचा फोन आला. आधी ती काही बोलेचना. मग म्हणाली, "वहिनी, नानांना आता काही कळत नाही का गं?" हळूहळू सगळे बाहेर आले. तिच्या स्तनात गाठ सापडली होती. तुकडा काढून तपासला, तो कर्करोगाचा निघाला. आजार लवकर लक्षात आला होता आणि ऑगस्टच्या मध्यावर शस्त्रक्रिया ठरली होती. सासूबाईंच्या आजारपणात नानांनी सर्वांना धीर दिला होता, म्हणून ही बातमी तिने आम्हा कुणालाही सांगण्याआधी नानांना सांगितली. वडील घाबरू नयेत म्हणून शक्य तितके हसून सांगितली. ऐकून नानांनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान, छान." पुढच्या रविवारी तिने शस्त्रक्रियेची तारीख सांगितली. नाना म्हणाले, "वा! तब्येतीला जप हं." त्या रात्री ती झोपली नाही. तिच्या मनात दोनच शक्यता उरल्या होत्या: एक तर वडिलांना तिची पर्वा नाही, नाहीतर त्यांची बुद्धी मंदावत चालली आहे. पहिली शक्यता तिला मान्य होणारी नव्हती.

मलाही दुसरीच खरी वाटली. ८४ वर्षांचा माणूस, पत्नीचा वियोग, एकटेपणा, प्रसंगाला न शोभणारी उत्तरे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होऊ शकते, हे आम्ही पुस्तकातून शिकलेले असतो. स्मरणशक्ती तपासण्याचा प्रश्नांचा कागद पर्समध्ये घालून मी पुढच्याच रविवारी वाईला गेले.

जेवणानंतर नानांना समोर बसवले आणि प्रश्न विचारू लागले. वार, तारीख, महिना त्यांनी बिनचूक सांगितले. "शंभरातून सात वजा करत चला," असे म्हणताच ते मुलांना पाढे म्हणून दाखवावेत तसे सुरू झाले आणि मी थांबवीपर्यंत थेट दोनपर्यंत खाली पोचले. मग तीन शब्द सांगून ते परत म्हणायला सांगितले. त्यांनी दोन म्हटले, तिसरा भलताच उच्चारला. मी तो शब्द कागदावर लिहून दाखवला. ते म्हणाले, "असं होय! मला दुसरंच ऐकू आलं." पाच मिनिटांनी विचारले तेव्हा तिन्ही शब्द त्यांना नीट आठवत होते. स्मरणशक्तीला काहीही झालेले नव्हते. मी गोंधळले.

तेवढ्यात साडेतीन वाजले. लॅपटॉपवर नणंदेचा चेहरा उमटला. मी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, नानांच्या डाव्या हाताला बसले होते. तिचे ओठ हलत होते. नाना मान डोलावत होते, हसत होते, मधूनच "हो, हो" म्हणत होते. आणि त्या खोलीत पागोळ्यांखेरीज कसलाही आवाज नव्हता. माझे कान चांगले आहेत. मलाही एक अक्षर ऐकू येत नव्हते!

मी पुढे झाले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर फुली नव्हती. आवाजाची पट्टी मात्र २० वर होती. ती मी सरकवत १०० वर नेली. लॅपटॉप तरीही मुका. पण त्याच क्षणी आतून मावशी धावत आल्या, "बाई, माजघरात ताई बोलाय लागल्यात!"

माजघरात कपाटाच्या वर, चादरींच्या घडीमागे एक लहानसा ब्लूटूथ स्पीकर होता. जूनमध्ये सुट्टीला आलेल्या माझ्या मुलाने आजोबांना सकाळचे अभंग मोठ्याने ऐकता यावेत म्हणून तो आणून लॅपटॉपला जोडून दिला होता, आणि बंद पडू नये म्हणून त्याची वायर कायमची भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवली होती. नानांनी दोन दिवसांत त्याचा नाद सोडला. स्पीकर मात्र चालूच राहिला. लॅपटॉप उघडला की तो आपणहून त्याला जोडला जाई आणि सारा आवाज तिकडे जाई. चार रविवार माझी नणंद आपल्या आजाराची बातमी रिकाम्या माजघरात सांगत होती. मावशी त्या वेळी सहसा परसात भांडी घासत असत. "मधी एकदा कुणीतरी बारीक बोलतंय असं वाटलं," त्या म्हणाल्या, "म्हटलं शेजारचा टीव्ही आसंल."

मी आवाज लॅपटॉपवर वळवला आणि नणंदेला सांगितले, "गेले चार रविवार नानांना तुझा एक शब्दही ऐकू आलेला नाही." तिने तोंडावर हात धरला. मग तिने सगळे पुन्हा सांगितले. नाना कानामागे हात धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते काही वेळ गप्प बसले आणि मग एकेक प्रश्न विचारू लागले. गाठ केवढी आहे? दीड सेंटिमीटर. कुठल्या बाजूला? शस्त्रक्रिया कुठल्या वारी, किती वाजता? इस्पितळात सोबत कोण? उदाहरण सोडवण्याआधी काय काय दिले आहे ते वहीत मांडून घ्यावे, तसे ते विचारत होते. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी पहाटेपासून लॅपटॉप उघडा ठेवतो, बाळ. तुला वेळ होईल तेव्हा दिस."

संध्याकाळी चहा घेताना मी विचारले, "नाना, ऐकू येत नाही हे तुम्ही तिला का सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "पहिल्यांदा सांगितलं होतं. ती बिचारी मोठ्यानं बोलून बोलून दमली. मग तूच म्हणालीस, कान गेलेत. तू डॉक्टर. म्हटलं, आता पोरीला दर आठवड्याला ओरडायला कशाला लावा? चेहरा दिसतोय, तेवढं पुरे."

वाचकहो, माझ्या त्या एका वाक्याने नानांनी तक्रार करणेच सोडून दिले होते. मी त्यांना एवढेच विचारायला हवे होते, "देवळातली घंटा ऐकू येते का? मावशींचं बोलणं ऐकू येतं का?" दोन्ही ऐकू येते, असे ते म्हणाले असते आणि दोष बहुधा लॅपटॉपकडे आहे हे मला फोनवरच कळले असते. "वयोमानाने" हा शब्द आम्ही डॉक्टर फार सहज वापरतो. तो उच्चारला की पुढचा तपास थांबतो.

लॅपटॉप मुका झाला तर

लॅपटॉपचा आवाज गेला की बहुतेक ज्येष्ठ मंडळी एक तर तो मिटून ठेवतात, नाहीतर थेट दुरुस्तीला पाठवतात. पुष्कळदा या दोहोंची गरज नसते. आम्ही रोग्याला तपासतो त्याच रीतीने, सोप्याकडून अवघडाकडे जावे. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवता येतील अशा पायऱ्या देते. विंडोज असलेला लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवला आहे.

पहिली पायरी: आवाज सगळाच गेला आहे की एका ठिकाणचा? एखादे गाणे लावून पाहा. गाणे ऐकू येते पण मुलाचे बोलणे येत नाही, असे असेल तर दोष तुमच्या स्पीकरचा नाही. मुलाकडचा मायक्रोफोन बंद असेल किंवा संभाषणाच्या ॲपमधली रचना बदललेली असेल. तुमचे बोलणे पलीकडे पोचते आहे, एवढ्यावरून काही ठरवू नये. बोलण्याची आणि ऐकण्याची सोय लॅपटॉपमध्ये वेगवेगळी असते, जसे आपले तोंड आणि कान.

दुसरी पायरी: पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चिन्ह असते. त्यावर फुली असेल तर आवाज बंद केलेला आहे. चिन्हावर टिचकी मारावी आणि पट्टी उजवीकडे सरकवावी. कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीतही स्पीकरचे चित्र असलेली एक कळ असते. लॅपटॉप पुसताना तिच्यावर बोट पडून आवाज बंद होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

तिसरी पायरी, जी आमच्या घरी चुकली होती: आवाज जातो आहे कुठे? त्याच चिन्हावर टिचकी मारल्यावर विंडोज ११ मध्ये पट्टीच्या उजव्या बाजूला एक लहान चिन्ह दिसते, तर विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर उपकरणाचे नाव दिसते. तिथे टिचकी मारली की जोडलेल्या सर्व साधनांची यादी उघडते. तीत ब्लूटूथचा स्पीकर किंवा इअरफोन निवडलेला असेल, किंवा एचडीएमआय वायरने जोडलेला टीव्ही निवडलेला असेल, तर आवाज तिकडे जातो. यादीतून लॅपटॉपचे स्वतःचे "स्पीकर्स" निवडावेत. ब्लूटूथवर चालणारे श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ही पायरी विशेष लक्षात ठेवावी. यंत्र कानात नसून चालू स्थितीत टेबलावर पडले असेल, तर आवाज त्याच्याकडे जात असू शकतो. ॲपलच्या लॅपटॉपवर हीच यादी सिस्टिम सेटिंग्जमध्ये "साउंड" आणि त्याखाली "आउटपुट" येथे मिळते.

चौथी पायरी: इअरफोनची पिन अर्धवट अडकलेली नाही ना, हे पाहावे. ती पूर्ण काढून पुन्हा ऐकावे.

पाचवी पायरी: स्पीकरच्या चिन्हावर उजवी कळ दाबली की "व्हॉल्यूम मिक्सर" दिसतो. तिथे प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असते, आणि एखादीच शून्यावर गेलेली असू शकते. व्हिडिओ संभाषणाच्या बहुतेक ॲपमध्ये ऑडिओच्या सेटिंग्जमध्येही कोणता स्पीकर वापरायचा ते निवडता येते, काहींत स्पीकर तपासून पाहण्याचीही सोय असते.

सहावी पायरी: लॅपटॉप "रिस्टार्ट" करावा. झाकण मिटून उघडणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे. तेव्हा यंत्र केवळ डुलकी घेते. विंडोजमध्ये "शट डाऊन" करूनही पुष्कळदा आधीची काही स्थिती तशीच राहते. म्हणून "रिस्टार्ट" हाच पर्याय निवडावा.

इथवर करूनही आवाज आला नाही तर इअरफोन लावून पाहावा. इअरफोनमध्ये ऐकू येत असेल तर लॅपटॉपचे स्पीकर बिघडलेले असण्याचा संभव अधिक. कशातच ऐकू येत नसेल तर आवाजाचा "ड्रायव्हर", म्हणजे यंत्राशी बोलणारी आज्ञावली, पुन्हा बसवावी लागते. ते काम जाणकार नातवंडावर किंवा ओळखीच्या तंत्रज्ञावर सोपवावे.

एक सावधगिरी. आवाज गेला म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही मदत क्रमांकाला फोन करू नका. "तुमचा लॅपटॉप दुरून दुरुस्त करतो, हे ॲप घ्या," असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती पडद्याचा ताबा देऊ नका. माझ्या रुग्णांपैकी दोघांची बँकेतली रक्कम अशाच रीतीने गेली. तसे घडलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

आणि कान?

हकीकत इथे संपली असती तर सारा दोष स्पीकरवर टाकून मी मोकळी झाले असते. पण आवाज सुरू झाल्यावरही नाना कानामागे हात धरून बसले होते, आणि तपासणीत तिसरा शब्द त्यांना भलताच ऐकू आला होता. म्हणजे माझे वाक्य अर्धे खरे होते. अर्धे खरे निदान अधिक फसवे असते, कारण त्याला पुरावा सापडत राहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना साताऱ्याला आणून कान पाहिले. उजव्या कानात मळाचा कठीण खडा बसला होता. तीन-चार दिवस थेंब घालून तो मऊ केला आणि काढला. नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत वयानुसार येणारी श्रवणशक्तीची घट निघाली. ही घट बहुधा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. स, श, फ, थ अशी व्यंजने त्या पट्टीत येतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत असतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." त्याला शब्दाचा आकार जाणवतो, कडा मात्र पुसट होतात. स्त्रियांचे आणि मुलांचे बोलणे समजायला अधिक जड जाते, ते याचमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांना व्यवहारात अडचण आणणारा बहिरेपणा असतो. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. कानात काडी, पिन, कापसाचा बड घालू नये. त्याने मळ आत ढकलला जातो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर तेल किंवा कोणतेही थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. काही इंजेक्शने आणि गोळ्या श्रवणशक्तीवर परिणाम करतात. नवे औषध सुरू झाल्यावर ऐकू कमी येऊ लागले किंवा कानात आवाज येऊ लागला, तर डॉक्टरांना सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: एका कानाचे ऐकणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेले, तर तो तातडीचा आजार समजावा. "मळ असेल, बघू" म्हणत आठवडे घालवू नयेत. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू येण्याची आशा अधिक. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तज्ज्ञांना गाठावे.

ऐकणे आणि स्मृती यांच्या नात्याविषयीही सांगायला हवे. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाचे जे टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांच्या २०२० च्या १२ घटकांच्या यादीत आणि २०२४ च्या १४ घटकांच्या यादीतही श्रवणशक्तीचा ऱ्हास आहे. श्रवणयंत्र लावले की स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असा याचा अर्थ नव्हे. पण ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलण्यातून, बैठकीतून, घरातल्या निर्णयांतून बाजूला सरकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि उलटही घडते: ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याचे उत्तर चुकते, आणि आपण त्याला विसराळू ठरवतो. म्हणून घरातल्या वृद्धाच्या स्मरणशक्तीविषयी शंका आली तर आधी कान तपासून घ्यावेत. प्रश्न कागदावर लिहून दाखवून पाहावा. उत्तर सुधारले तर अडचण कुठे आहे याची दिशा मिळते.

जवळच्यांसाठी थोडे

ऐकू कमी येणाऱ्याशी बोलताना ओरडू नये. ओरडण्याने शब्द विकृत होतात, कानाला त्रास होतो आणि आपला चेहरा रागावल्यासारखा दिसतो. समोर बसावे, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे पाहावे, टीव्ही बंद करावा, सावकाश बोलावे. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. एकाच कानाने ऐकू येणाऱ्याने लॅपटॉपला इअरफोन जोडला असेल, तर सेटिंग्जमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" या विभागातल्या "ऑडिओ"खाली "मोनो ऑडिओ" सुरू करावा. मग दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन चांगल्या कानापर्यंत पोचतो.

दूर राहणाऱ्या मुलामुलींनी महत्त्वाची गोष्ट सांगितल्यावर, "काय समजलं ते मला सांगा बघू," असे प्रेमाने विचारावे. मान डोलावणे म्हणजे ऐकणे नव्हे. आमच्या पिढीतल्या आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या माणसांना, "मला कळलं नाही," असे म्हणण्याचा फार संकोच वाटतो. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, या भावनेपोटी ती गप्प राहतात.

आणि ज्येष्ठ वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. ऐकू आले नाही तर तसे सांगा. एकदा सांगून कुणी लक्ष दिले नाही, तर पुन्हा सांगा. ती डॉक्टर असली आणि घरचीच असली, तरीही सांगा.

नणंदेची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी पार पडली. त्या दिवशी नाना पहाटे चार वाजल्यापासून लॅपटॉप उघडून बसले होते. मावशींनी चहाही तिथेच आणून दिला. दुपारी तिकडून दोन मिनिटांसाठी तिचा चेहरा दिसला, आवाज खोल गेलेला. नानांना ती काय म्हणाली ते सगळे समजले. आता तिचे पुढचे उपचार सुरू आहेत. नानांनी श्रवणयंत्र घेतले आहे. पहिले पंधरा दिवस त्यांनी कुरकुर केली. ताटवाट्यांचा आवाज फार होतो म्हणाले. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा ओळख व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

ब्लूटूथ स्पीकर आम्ही साताऱ्याला आणला. वरच्या पायऱ्यांचा कागद नानांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत लिहून लॅपटॉपशेजारी भिंतीवर लावला आहे. त्याच्या तळाशी एक ओळ त्यांनी आपल्या मनाने वाढवली आहे: "एवढे करूनही ऐकू न आल्यास सुनेला फोन करावा. ती घाईत असल्यास पुन्हा करावा."